मुलांचे रोज दोन-अडीच तास स्कूल बसमध्ये जातायत? हा वेळ नेमका कुठे जातो आणि काय करता येईल

सकाळचे ६ वाजून ३५ मिनिटं. पुण्यातल्या वाघोलीत एका सोसायटीच्या गेटवर माझ्या मावसबहिणीचा मुलगा उभा असतो. वय सात. डोळे अर्धे मिटलेले, गळ्यात पाण्याची बाटली, हातात अर्धं खाल्लेलं केळं. त्याची शाळा कल्याणीनगरच्या बाजूला, म्हणजे साधारण १० किलोमीटरवर. शाळा भरते ७:५० ला. दुपारी शाळा सुटल्यावर पुन्हा तेवढाच वेळ बसमध्ये. दिवसाचे जवळपास अडीच तास.

हे चित्र फक्त पुण्याचं नाही. ठाण्याचा घोडबंदर रोड असो किंवा मुंबईची उपनगरं, घर परवडतं तिथे शाळा आवडत नाही आणि शाळा आवडते तिथे घर परवडत नाही. मधलं अंतर मुलं रोज कापतात. 'होईल सवय' असं म्हणून आपण सोडून देतो. सवय होतेही. पण ते अडीच तास कुठून तरी कापले जातात, आणि बहुतेक घरांत ते झोपेतून आणि खेळातून जातात.

१० किलोमीटरला ७० मिनिटं का लागतात?

पहिलं उत्तर येतं, ट्रॅफिक. ते खरंच आहे. टॉमटॉम या कंपनीच्या २०२४ च्या वाहतूक अहवालात पुणे जगातल्या सगळ्यात संथ शहरांमध्ये चौथं होतं. १० किलोमीटर जायला सरासरी ३३ मिनिटं २२ सेकंद. कोलकाता आणि बंगळुरू त्याच्याही पुढे होते.

पण मग हिशोब बघा. ट्रॅफिकने ३३ मिनिटं खाल्ली असं धरलं, तरी ७० मधली उरलेली ३७ मिनिटं कुठे गेली? शिवाय साडेसहाला रस्ते तसे मोकळेच असतात.

ती जातात थांब्यांवर. बस मुख्य रस्ता सोडून आत वळते, सोसायटीच्या गेटवर थांबते, एक मूल अजून लिफ्टमध्ये असतं, आई वरून हात करते, वॉचमन गाडी मागे घ्यायला सांगतो, बस वळते आणि परत मुख्य रस्त्याला लागते. एका थांब्याला सगळं मिळून दोन-अडीच मिनिटं धरा. असे १४ थांबे असले तर अर्धा तास तिथेच संपला. मी एकदा सकाळी स्कूटरवरून या बसच्या मागे गेले होते. सिग्नलवर ती जेवढी थांबली त्यापेक्षा जास्त गेटांवर थांबली. (आमच्या ताईचं गेटही त्यातलंच एक होतं, हे तिला सांगितल्यावर तिला फारसं आवडलं नाही.)

आता दुसरी गोष्ट. बस सकाळी ज्या क्रमाने मुलं घेते, बरेचदा त्याच्या उलट क्रमाने दुपारी सोडते. म्हणजे सकाळी जो सगळ्यात आधी चढला तो दुपारी सगळ्यात शेवटी उतरतो. एकाच मुलाला दोन्ही वेळचा फटका. बसचा मार्ग सरळ रेषेत असेल तर याला इलाज नाही, कारण ते मूल खरोखरच सगळ्यात लांब राहतं. पण मार्ग गोल असेल, म्हणजे एका बाजूने जाऊन दुसऱ्या बाजूने शाळेला पोहोचणारा, तर दुपारी त्याच दिशेने फेरी मारता येते. मग सकाळी पहिला चढलेला दुपारीही पहिला उतरतो. हे बस कंत्राटदाराला विचारायला काहीच हरकत नसते, फक्त कुणी विचारत नाही.

गेटाऐवजी सामायिक थांबा

सगळ्यात जास्त मिनिटं वाचतात ती इथे. शेजारच्या चार सोसायट्यांनी मिळून मुख्य रस्त्यालगत एकच सुरक्षित जागा ठरवायची, जिथे मुलांना रस्ता ओलांडावा लागणार नाही. प्रत्येकाला दोनशे-तीनशे मीटर चालावं लागेल. त्या बदल्यात चार थांब्यांचा एक होतो आणि सात-आठ मिनिटं वाचतात. असे दोन ठिकाणी जमलं तर मुलाला पंधरा मिनिटं जास्त झोप मिळते. पावसाळ्यात कटकट होते, हे मान्य. तेवढ्या दिवसांसाठी आडोशाची जागा आधीच हेरून ठेवावी लागते.

यासाठी एका पालकाने एकट्याने ड्रायव्हरशी बोलून उपयोग होत नाही. ड्रायव्हरला मार्ग बदलायचा अधिकारच नसतो. त्या बसमधल्या सगळ्या पालकांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप बहुधा असतोच. तिथे एक आठवडा फक्त वेळा लिहून काढा: बस आपल्या थांब्यावर किती वाजता आली, किती वाजता निघाली, शाळेत किती वाजता पोहोचली. मग तो कागद घेऊन शाळेकडे जा. 'बस फार वेळ घेते' या तक्रारीला शाळा सहसा एक हसू देते. वेळांचा तक्ता दिला तर उत्तर द्यावं लागतं.

आणि ते उत्तर मागायची जागा नियमात आहे. महाराष्ट्रात स्कूल बससाठी २०११ पासून वेगळी नियमावली आहे. तिच्यानुसार प्रत्येक शाळेत परिवहन समिती असायला हवी. मुख्याध्यापक तिचे अध्यक्ष असतात आणि पालक-शिक्षक संघाचा प्रतिनिधी, पोलीस, आरटीओ, शिक्षण खातं, बस कंत्राटदार यांची माणसं तिच्यात असतात. मुलांची सुरक्षित ने-आण, बसची फी आणि थांबे कुठे असावेत, हे तीनही विषय या समितीचे आहेत. तुमच्या शाळेच्या समितीत पालकांतर्फे कोण आहे, हे तुम्हाला माहीत आहे का? मी सात-आठ ओळखीच्या पालकांना विचारलं. एकालाही माहीत नव्हतं.

झोपेचं गणित

अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिन या संस्थेने २०१६ मध्ये वयानुसार झोपेचे तास सुचवले. ३ ते ५ वर्षांच्या मुलांना दुपारची झोप धरून १० ते १३ तास, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास आणि १३ ते १८ वयाच्या मुलांना ८ ते १० तास.

आमच्या सात वर्षांच्या गड्याला ५:५० ला उठवावं लागतं. म्हणजे अगदी कमीत कमी ९ तास धरले तरी रात्री ८:५० ला तो झोपलेला हवा. अंथरुणात गेलेला नाही, झोपलेला. १० तास हवे असतील तर ७:५०. त्याचे बाबा हिंजवडीहून घरी येतात सव्वाआठला. आता सांगा.

इथे प्रश्न शिस्तीचा राहत नाही. बाबांना भेटायचं की झोपायचं, यातून मूल काय निवडणार हे उघड आहे. ताईकडे त्यांनी शेवटी असं केलं: मुलाचं जेवण सात वाजताच, बाबांसोबत नाही. बाबा आले की पंचवीस मिनिटं फक्त त्यांची, तीही दिवे मंद करून, अंथरुणातच. टीव्ही आणि मोबाइल त्या वेळात कुणाचाच नाही. दप्तर, गणवेश, बूट रात्रीच दाराशी. त्यामुळे सकाळी उठवायची वेळ ६:०५ वर आली. पंधरा मिनिटं तिथून मिळाली.

पुरेशी झोप होतेय की नाही हे ओळखायला सोपी खूण आहे. सुट्टीच्या दिवशी मूल रोजच्यापेक्षा दोन-दोन तास जास्त झोपत असेल, किंवा रोज सकाळी हलवून हलवूनच उठवावं लागत असेल, तर आठवडाभराची उधारी साचतेय.

राज्य सरकारने यावर एक पाऊल उचललं होतं. तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी डिसेंबर २०२३ मध्ये मुलांच्या झोपेचा मुद्दा काढला. त्यानंतर फेब्रुवारी २०२४ मध्ये शालेय शिक्षण विभागाने निर्णय काढला की पूर्व प्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवावेत. ज्या शाळांना अडचण असेल त्यांच्याबाबत शिक्षणाधिकाऱ्यांनी प्रकरणानुसार निर्णय घ्यावा, अशी सोयही त्यात होती. स्कूल बस मालकांनी विरोध केला, आणि त्यांचं म्हणणं अगदीच निराधार नव्हतं. एकच बस सकाळी दोन फेऱ्या करते तेव्हा तिचा खर्च निघतो. शिवाय नऊची शाळा म्हणजे ऑफिसच्या गर्दीत सापडलेली बस. जी बस साडेसहाला ७० मिनिटं घेते ती आठ वाजता किती घेईल? माझं मत विचाराल तर लहान मुलांसाठी तरीही नऊ बरे. बसमध्ये पंधरा मिनिटं जास्त गेली तरी उठायची वेळ तासाभराने पुढे जाते. तुमच्या शाळेत चौथीपर्यंतचे वर्ग अजून आठच्या आत भरत असतील तर त्यांनी सवलत घेतली आहे का, हे पालक सभेत विचारता येतं.

मळमळ, उलटी आणि उपाशी पोट

गाडी लागणं हा लाडाचा किंवा नाटकाचा भाग नसतो. आपल्या आतल्या कानातला तोल सांभाळणारा भाग मेंदूला सांगतो की शरीर हलतंय. डोळे पुस्तकावर किंवा समोरच्या सीटच्या पाठीवर असले तर ते सांगतात की सगळं स्थिर आहे. या गोंधळातून मळमळ सुरू होते. साधारण दोन ते बारा या वयात हा त्रास जास्त दिसतो, पुढे बऱ्याच मुलांचा तो कमी होतो.

म्हणून अशा मुलाला पुढच्या भागात, खिडकीशी, प्रवासाच्या दिशेने तोंड करून बसवायला सांगा. मागच्या चाकाच्या मागची सीट सगळ्यात जास्त उसळते, ती नको. नजर लांब रस्त्यावर. बसमध्ये गृहपाठ, वाचन, मोबाइल बंद. 'तेवढाच वेळ कारणी लागेल' म्हणून पाढे लिहायला लावणारे पालक मी पाहिलेत. ते मूल शाळेत पोहोचतं तेव्हा पिवळं पडलेलं असतं. त्रास रोजचाच असेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा, पण उलटीची गोळी स्वतःच्या मनाने देऊ नका. यातल्या बऱ्याच गोळ्यांनी झोप येते आणि पहिले दोन तास वर्गात डुलक्या घेण्यात जातात.

सकाळी सहाला मुलांना भूक नसते. भरलेला ग्लासभर दूध बळेच पाजून लगेच बसमध्ये बसवलं तर ते बाहेर येण्याची शक्यताच जास्त. अगदी रिकामं पोटही मळमळ वाढवतं. मधला मार्ग म्हणजे थोडंसं कोरडं काहीतरी: अर्धी पोळी तूप-गूळ लावून, एक केळं, राजगिऱ्याचा छोटा लाडू. खरी न्याहारी पहिल्या सुट्टीच्या डब्यात.

परतीच्या प्रवासाचा विचार फार कमी घरांत होतो. जेवणाची सुट्टी साडेअकराला झाली आणि मूल घरी पोहोचलं तीन वाजता, तर मधे साडेतीन तास. दप्तरात एक छोटी डबी वेगळी ठेवा आणि ती बसमध्ये चढायच्या आधी खायची असं ठरवा. चालत्या बसमध्ये खाताना लहान मुलांच्या घशात घास अडकू शकतो. शेंगदाणे, चिक्की असलं कडक तर नकोच.

एक नाजूक विषय. बसमध्ये शू लागेल या भीतीने बरीच मुलं, विशेषतः मुली, दिवसभर पाणीच पीत नाहीत. संध्याकाळी बाटली भरलेलीच घरी येते. पाणी कमी आणि लघवी रोखून धरणं, या दोन्हींमुळे लघवीच्या जंतुसंसर्गाचा आणि बद्धकोष्ठतेचा धोका वाढतो. उपाय पाणी तोडणं हा नाही. शाळा सुटल्यावर बस निघेपर्यंत टॉयलेटला जायला मुलांना वेळ मिळतो का, हे विचारा. घंटा झाली की रांग आणि रांगेतून थेट बस, अशी पद्धत असेल तर लहान वर्गांना शेवटच्या तासात पाच मिनिटं आधी सोडण्याची विनंती वर्गशिक्षिकेला करा.

बसमधलं जग

या अडीच तासांत मुलांसोबत शिक्षक नसतात. चांगलं बाजूने बघितलं तर हा दिवसातला एकमेव वेळ आहे जिथे वेगवेगळ्या वर्गांतली मुलं एकत्र येतात. भेंड्या, गाड्यांचे नंबर जोडण्याचे खेळ, खिडकीतून दिसणाऱ्या बांधकामाचा रोजचा मजला मोजणं. मी स्वतः लहानपणी रिक्षावाल्या काकांच्या रिक्षातून जायचे आणि माझी सगळ्यात जुनी मैत्रीण तिथलीच.

पण मागच्या सीटवरच्या मोठ्या मुलांचं राज्यही याच वेळात चालतं. डबा काढून घेणं, टोपणनाव, सीटवरून उठवणं. मूल शाळेबद्दल काही बोलत नाही, पण बसच्या वेळेलाच त्याचं पोट दुखतं, तर अडचण शाळेत नसून बसमध्ये असू शकते. 'तुला कुणी त्रास देतं का?' या प्रश्नाला उत्तर येत नाही. 'आज तुझ्या शेजारी कोण होतं? मागे कोण बसतं?' याला येतं. लहान वर्ग पुढे आणि मोठे मागे, प्रत्येकाची जागा ठरलेली, एवढ्यावर बरंच काही मिटतं.

गंभीर गोष्ट टाळून चालणार नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये पुण्याच्या वानवडी भागात दोन लहान मुलींवर लैंगिक अत्याचार केल्याच्या आरोपाखाली स्कूल व्हॅनच्या चालकाला अटक झाली. बसमध्ये ड्रायव्हरशिवाय मदतनीस असणं आणि मुली असतील तर महिला मदतनीस असणं, या मागणीत संकोच करण्यासारखं काही नाही. आपलं मूल सगळ्यात आधी चढतं किंवा सगळ्यात शेवटी उतरतं, तेव्हा काही मिनिटं ते बसमध्ये एकटं असतं. त्या मिनिटांत मदतनीस बसमध्येच असते की आधीच्या थांब्यावर उतरून घरी जाते, हे एकदा स्वतः पाहा. मुलांना नको असलेल्या स्पर्शाबद्दल सांगताना शाळा आणि घर यांच्याबरोबर बसचंही नाव घ्या. १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक आहे, तातडीच्या वेळी ११२.

झोपलेल्या मुलाचीही काळजी हवी. सप्टेंबर २०२२ मध्ये कतारमध्ये बालवाडीतलं एक मूल बसमध्ये झोपी गेलं, ते कुणाच्या लक्षात आलं नाही आणि उन्हात बंद बसमध्ये त्याचा मृत्यू झाला. फेरी संपल्यावर मदतनीसाने शेवटच्या सीटपर्यंत चालत जाऊन बस रिकामी असल्याचं पाहिलं पाहिजे. तुमच्या बसमध्ये हे होतं का, ते विचारा. मूल गैरहजर असेल तर शाळेकडून किती वाजता मेसेज येतो, हेही.

आणि बस हरवली तर? एप्रिल २०२२ मध्ये मुंबईत सांताक्रूझच्या एका शाळेची बस काही तास संपर्काबाहेर होती. मुलं सुखरूप घरी आली. ड्रायव्हर नवा होता, त्याला रस्ते माहीत नव्हते, एवढंच कारण निघालं. पण त्या काही तासांत पालकांचं काय झालं असेल याची कल्पना करा. ड्रायव्हर आणि मदतनीस दोघांचेही नंबर जवळ ठेवा. ड्रायव्हर बदलला की आदल्या दिवशी कळवायचं, हे कंत्राटदाराकडून कबूल करून घ्या. पहिलीच्या पुढच्या मुलाला आई किंवा बाबांचा नंबर पाठ हवा. लहान मुलाच्या दप्तरात तो आतल्या कप्प्यात लिहून ठेवा, बाहेर नाव-पत्ता झळकवू नका. गाडीचा नंबर एमपरिवहन अॅपवर टाकला की तिचं फिटनेस आणि विमा कधीपर्यंत आहे ते दिसतं.

गावाकडचा प्रवास वेगळा

ग्रामीण महाराष्ट्रात बस म्हणजे एसटी. तिथे थांबे जास्त असल्याची तक्रार नसते, बस येईल का हीच चिंता असते. पाचवीच्या पुढे शिकणाऱ्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत मोफत पास मिळतो आणि मागास तालुक्यांमध्ये मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बस खास विद्यार्थिनींसाठी धावतात. बाकी विद्यार्थ्यांना मासिक पासात दोन तृतीयांश सवलत आहे. २०२१-२२ मधल्या एसटी संपात हे सगळं थांबलं, तेव्हा एका गाडीवर किती मुलींचं शिक्षण टेकलंय ते दिसलं.

शिक्षण हक्क कायद्यात जवळची शाळा म्हणजे काय याची कल्पना आहे: पहिली ते पाचवीसाठी १ किलोमीटरच्या आत, सहावी ते आठवीसाठी ३ किलोमीटरच्या आत. वाघोलीच्या गेटवर उभं राहून हे वाचलं की गंमत वाटते.

घरी आल्यावर

मूल दारातून आत येतं तेव्हा 'आज काय शिकवलं?' विचारू नका. बूट काढू द्या, खाऊ द्या, अर्धा तास काहीच नको. त्यानंतर खेळ, आणि मग गृहपाठ. हा क्रम उलटा केला की अंधार पडतो आणि खेळ राहून जातो. दुपारी झोप येत असेल तर अर्धा तास पुरे. पाच वाजता झोपलेलं मूल रात्री दहापर्यंत टक्क जागं असतं आणि सकाळचं गणित पुन्हा कोसळतं. आठवड्याला तीन क्लास असतील तर एक सोडावा लागेल.

सगळं करूनही झोप नऊ तासांच्या खालीच राहत असेल, उलट्या थांबत नसतील, तर एका बाजूचा प्रवास तरी कमी करता येतो का पाहा. सकाळी बस आणि दुपारी तीन-चार पालकांनी आळीपाळीने मुलांना आणायचं, असं काही सोसायट्यांमध्ये चालतं. एका बाजूची फी किती, हे आधी विचारा. काही ठिकाणी ती जवळपास पूर्णच घेतात.

ज्यांचा प्रवेश अजून व्हायचाय त्यांच्यासाठी: शाळा बघायला शनिवारी-रविवारी गाडीने जाऊ नका. सोमवारी, बस निघेल त्याच वेळेला निघा. शाळेच्या ऑफिसात अंतर विचारू नका. आमचा थांबा कितवा येईल आणि बस तिथे किती वाजता पोहोचेल, हे विचारा. परतीची वेळही लिहून घ्या. 'ते जूनमध्ये ठरेल' असं उत्तर आलं तर त्याच भागातून जाणारी मागच्या वर्षीची बस किती वाजता यायची, ते तिथल्या एखाद्या पालकाकडून काढा.